सिस्टिम एक, मालक अनेक!

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' या विषयातला रिक्वायरमेंटचा चॅप्टर आपण सगळेच परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. स्टेकहोल्डर म्हणजे कोण, रिक्वायरमेंटचे प्रकार किती, एसआरएस डॉक्युमेंटमध्ये काय काय असतं, पाच मार्कांचा प्रश्न, दीड पान उत्तर. झालं! पण त्या चॅप्टरमधलं एक वाक्य मला पहिल्यापासून खटकत होतं. पुस्तक म्हणतं, 'स्टेकहोल्डर्सच्या परस्परविरोधी अपेक्षा सोडवाव्यात.' सोडवाव्यात म्हणजे नक्की काय करावं? एकाला दार उघडं हवं आणि दुसऱ्याला बंद, तर इंजिनिअरने काय अर्धं उघडं ठेवायचं?

खरं सांगायचं तर माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'स्टेकहोल्डर'ला चांगला मराठी शब्द शोधायलाच मला दोन दिवस लागले. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, ज्याचं त्यात काही अडकलंय तो!" मला ही व्याख्या पुस्तकातल्यापेक्षा जास्त आवडली. तर ज्या सिस्टिममध्ये अनेकांचं काहीतरी अडकलेलं असतं आणि प्रत्येकाला वेगळंच काही हवं असतं, ती कशी डिझाइन करायची, याचा हा छोटासा पाठ. उदाहरणासाठी अमेरिकेतल्या एखाद्या बँकेची केस स्टडी घेण्याची गरज नाही. आपल्यापैकी बरेच जण ज्या सिस्टिममधून स्वतः गेलेत, तीच घेऊ. अकरावीची ऑनलाइन अॅडमिशन! (डिप्लोमावाल्यांनी कॅप राउंड आठवावेत, जवळजवळ तोच प्रकार आहे.)

अकरावीत कोणाकोणाचं काय अडकलंय?

२००९ पूर्वी मुंबईत अकरावीसाठी प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा असे. घाटकोपरच्या मुलाला झुनझुनवाला, मुलुंडचं वझे आणि शिवाय दादर-माटुंग्याचं एखादं कॉलेज हवं असेल तर तितके फॉर्म, तितक्या रांगा आणि तितक्या मेरिट लिस्ट. वर एकच मुलगा दोन-तीन कॉलेजांत जागा अडवून बसू शकायचा आणि त्याने ती सोडेपर्यंत मागचा ताटकळत राहायचा. २००९ मध्ये मुंबई महानगर क्षेत्रात एकच केंद्रीय ऑनलाइन पद्धत आली. पुढे ती पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती इथे गेली आणि २०२५ पासून सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली.

आता यात कोणाचं काय अडकलंय ते पाहा. विद्यार्थ्याला आवडतं कॉलेज हवं. आईवडिलांना ते घराजवळ हवं, म्हणजे बोरिवलीच्या मुलीला सकाळी अंधेरीच्या गर्दीत उतरायला लागू नये. कॉलेजला वर्ग भरलेले हवेत. संस्थेला आपल्याच शाळेतल्या मुलांसाठी इनहाउस कोटा हवा. अल्पसंख्याक संस्थांना राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे आपली संस्था चालवण्याचा हक्क आहे, त्यामुळे त्यांच्याकडे अल्पसंख्याक कोटा वेगळा. शिक्षण उपसंचालक कार्यालयाला सगळं वेळेत संपवायचं असतं, कारण वर्ग सुरू व्हायचे असतात. एसएससी बोर्डाची मुलं म्हणतात, आयसीएसईवाल्यांना मार्क जास्त मिळतात. आयसीएसईची मुलं म्हणतात, आमचा सिलॅबस बघा आधी! आमची कॉन्व्हेंट एसएससी बोर्डाची आणि माझी मावसबहीण आयसीएसईची, त्यामुळे हा वाद आमच्या घरी गणपतीत हमखास रंगतो.

एकच डेटाबेस, एकच वेबसाइट आणि मागण्या इतक्या. इथून पुढे आपला धडा सुरू होतो.

धडा पहिला : मागणी ऐकू नका, मागणीमागचं कारण ऐका

बोर्डांच्या भांडणाचा इतिहास मजेशीर आहे. २००८ मध्ये राज्य सरकारने टक्क्यांऐवजी पर्सेंटाइलचा फॉर्म्युला आणला. हायकोर्टाने तो रद्द केला. २००९ मध्ये ९०:१० कोटा आला, म्हणजे नव्वद टक्के जागा एसएससीसाठी आणि दहा टक्के बाकी सगळ्या बोर्डांसाठी. हायकोर्टाने तोही रद्द केला. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं, म्हणजे एसएससीच्या मुलांचे सर्वांत जास्त मार्कांचे पाच विषय धरायचे. हायकोर्टाने तेही नाकारलं, पण सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे बेस्ट फाइव्ह टिकलं.

मला प्रश्न पडला की तिसरंच का टिकलं? कोर्टाची कायदेशीर कारणं वकील सांगतील, पण इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर एक फरक स्पष्ट दिसतो. एसएससीच्या मुलांची मागणी होती 'आम्हाला जास्त जागा द्या.' ९०:१० ने ती मागणी जशीच्या तशी मान्य केली आणि दुसऱ्या बाजूचं ताट ओढून घेतलं. पण मागणीमागचं कारण काय होतं? दोन्ही बोर्डांच्या मुलांची टक्केवारी काढण्याची पद्धतच वेगवेगळी होती. म्हणजे दोन वेगवेगळ्या फुटपट्ट्यांनी उंची मोजून कोण उंच हे ठरवत होतो! बेस्ट फाइव्हने कोणाच्याही जागा काढल्या नाहीत, फुटपट्टी एक केली. त्याने भांडण पूर्ण मिटलं असं नाही (आमच्या घरी तर मुळीच नाही), पण तोडगा उभा राहिला.

मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन विदुषीने १९२५ मध्ये एका भाषणात याचं एक साधं उदाहरण दिलं होतं. त्या लायब्ररीत बसल्या होत्या. दुसऱ्या एकाला खिडकी उघडी हवी होती, यांना बंद. दोघांनी मिळून शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. कारण त्याला हवी होती हवा, तीच खिडकी उघडायला हवी असं नव्हतं. यांना नको होता अंगावर येणारा वारा, खिडकी उघडायला विरोध नव्हता. दोघांनाही हवं ते पूर्ण मिळालं, कोणीच अर्ध्यावर तडजोड केली नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचं उत्तर 'दार अर्धं उघडं ठेवा' असं नाही. आधी विचारायचं, 'दार उघडं कशासाठी हवंय?'

धडा दुसरा : धोरणाचं भांडण कोडमध्ये सोडवू नका

माझी बॅच २०२१ ची. कोविडमुळे आमची दहावीची परीक्षाच झाली नाही, मार्क अंतर्गत मूल्यमापनाने मिळाले. मग अकरावीसाठी १०० मार्कांची ऐच्छिक सीईटी जाहीर झाली, ती राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर. दुसऱ्या बोर्डांची मुलं साहजिकच नाराज झाली. १० ऑगस्ट २०२१ ला हायकोर्टाने ती सीईटी रद्द केली आणि प्रवेश दहावीच्या मार्कांवर झाले. आम्ही तोपर्यंत पुस्तकं पुन्हा काढून बसलो होतो!

अगदी अलीकडचंही उदाहरण आहे. २०२५ मध्ये अल्पसंख्याक कॉलेजांच्या उरलेल्या जागांना सामाजिक आरक्षण लावण्याचा निर्णय झाला, संस्था हायकोर्टात गेल्या आणि जूनमध्ये अंतरिम स्थगिती मिळाली.

आता कल्पना करा की तुम्ही या सिस्टिमचे प्रोग्रॅमर आहात. नियम बदलतो, कोर्ट तो रद्द करतं, परत जुना येतो, आणि तोही ऐन प्रवेशाच्या तोंडावर. तुम्ही '९० टक्के' हा आकडा कोडमध्ये चाळीस ठिकाणी लिहून ठेवला असेल तर तुमचं काही खरं नाही. म्हणून जिथे भांडण चालू आहे तो नियम कोडच्या बाहेर, एका टेबलमध्ये ठेवायचा. कोटा किती टक्के, कोणाला लागू, कुठल्या तारखेपासून, कोणाच्या आदेशाने, हे सगळं डेटा म्हणून. नियम बदलला की टेबलची एक ओळ बदलते, प्रोग्रॅम तोच राहतो. उदाहरणार्थ, इनहाउस कोटा आधी २० टक्के होता, २०१९ मध्ये तो १० टक्के झाला. टेबलमध्ये असेल तर हे पाच मिनिटांचं काम!

पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की दोन बोर्डांत न्याय काय, हे प्रोग्रॅमरने ठरवायचंच नसतं. प्रोग्रॅमरने गुपचूप ठरवलं तर तो निर्णय कोणाला दिसत नाही, आणि जो निर्णय दिसत नाही त्याविरुद्ध कोर्टातही जाता येत नाही. म्हणून असा मुद्दा आला की तो लेखी, मोठ्या अक्षरांत, ज्याचा अधिकार आहे त्याच्या टेबलावर ठेवायचा.

धडा तिसरा : खरं बोलणाऱ्याचं नुकसान होऊ देऊ नका

हा धडा सर्वांत इंटरेस्टिंग आहे. समजा तीन कॉलेजं आहेत, मुलुंड, घाटकोपर आणि अंधेरी, प्रत्येकी एकच जागा. मुलंही तीन. अमेयला ९२ टक्के, भक्तीला ९०, चिन्मयला ८५. (नावं काल्पनिक आहेत, हॉस्टेलमधल्या कोणी अंगाला लावून घेऊ नये.) त्यांच्या पसंतीचा क्रम असा :

अमेय : मुलुंड, घाटकोपर, अंधेरी
भक्ती : मुलुंड, घाटकोपर, अंधेरी
चिन्मय : घाटकोपर, मुलुंड, अंधेरी

पहिली पद्धत अशी, की आधी सगळ्यांची पहिली पसंती बघून जागा पक्क्या करायच्या, मग उरलेल्यांची दुसरी पसंती बघायची. मुलुंडला अमेय आणि भक्ती दोघं, अमेयला मार्क जास्त, तो पक्का. घाटकोपरला एकटा चिन्मय, तोही पक्का. भक्तीची दुसरी पसंती घाटकोपर, पण तिथे आता जागा नाही. ती गेली अंधेरीला. तिला चिन्मयपेक्षा पाच टक्के जास्त असून! तिने खोटंच घाटकोपर पहिलं लिहिलं असतं तर तिला घाटकोपर मिळालं असतं. म्हणजे या पद्धतीत खरं लिहिणारी बुडाली.

दुसरी पद्धत १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी मांडली. त्यात जागा लगेच पक्की होत नाही, फक्त तात्पुरती धरली जाते. घाटकोपर चिन्मयला तात्पुरतं धरतं. भक्तीला मुलुंड नाही म्हणतं, ती घाटकोपरला अर्ज करते. घाटकोपर बघतं, ९० विरुद्ध ८५, चिन्मयला सोडतं आणि भक्तीला धरतं. चिन्मय मुलुंडला जातो, तिथे ९२ वाला बसलाय, नकार. मग तो अंधेरीला जातो. आता कोणी हलत नाही, सगळ्या जागा पक्क्या! या पद्धतीत पसंतीक्रम खरा लिहिल्याने कोणाचंही नुकसान होत नाही, हे गणिताने सिद्ध करता येतं.

सगळी कॉलेजं एकाच मेरिट लिस्टवर चालत असतील तर ही पद्धत अगदीच सोपी होते. मेरिटप्रमाणे एकेकाला बोलवा आणि उपलब्ध असलेल्यांतली त्याची सर्वांत वरची पसंती द्या, उत्तर तेच येतं. पण इनहाउस, अल्पसंख्याक असे वेगवेगळे कोटे आले की प्रत्येक कॉलेजची लिस्ट वेगळी होते आणि मग गेल-शॅप्लींची खरी गरज लागते.

हे नुसतं गणित नाही बरं का. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळाप्रवेशासाठी पहिली पद्धत होती. तिथे काही पालकांचे गट एकत्र बसून, कुठली शाळा पहिली लिहिली तर फायदा होईल, याची चर्चा करायचे. ज्यांना हे डावपेच माहीत नव्हते ते पालक खरं लिहायचे आणि मागे पडायचे. २००५ मध्ये बॉस्टनने ती पद्धत सोडली. न्यूयॉर्कने २००३ मध्ये हायस्कूल प्रवेशाची पद्धत बदलून गेल-शॅप्ली यांच्या धर्तीवर केली. त्याआधी सुमारे ३०,००० मुलांना यादीत न लिहिलेली शाळा मिळायची. पहिल्याच वर्षी तो आकडा सुमारे ३,००० वर आला. हे काम करणाऱ्यांतले अॅल्विन रॉथ आणि स्वतः शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपल्याकडे बघा. अकरावीच्या फॉर्ममध्ये जास्तीत जास्त दहा पसंती लिहिता येतात. पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्येही पहिला ऑप्शन मिळाला की सीट ऑटो-फ्रीझ! हा नियम उगाच नाही. विद्यार्थ्याला हवं असतं स्वातंत्र्य आणि कार्यालयाला हवं असतं की फेऱ्या कधीतरी संपाव्यात. मुलं वाटेल तितक्या वेळा जागा सोडू लागली तर दिवाळीपर्यंत अॅडमिशनच चालेल. पण या तडजोडीची किंमत कोण देतं ते पाहा. यादी दहाची झाली की 'एखादं सेफ कॉलेज टाकायला हवं का' हा विचार सुरू होतो. कटऑफचा अंदाज ज्याला आहे, ज्याच्या घरी मोठी ताई याच वाटेने गेलीय किंवा ज्याला क्लासवाले सर यादी करून देतात, तो तरतो. घरात पहिल्यांदाच दहावी पास झालेला मुलगा सायबरमध्ये बसून अंदाजे दहा नावं टाकतो. फॉर्म दोघांना सारखाच, पण दोघांसाठी तो सारखा नाही.

म्हणून तडजोड करताना प्रत्येक वेळी विचारायचं, 'हिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतोय?' आणि तो भार हलका करणारं काहीतरी सिस्टिममध्येच द्यायचं. मागच्या वर्षीचे कटऑफ फॉर्मच्या त्याच पानावर दिसले तर क्लासवाल्या सरांकडची निम्मी माहिती त्या मुलालाही मिळते.

धडा चौथा : ज्याला जेवढं लागतं तेवढंच दाखवा

यासाठी कॉम्प्युटरपासून थोडं दूर जाऊ. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या घराघरांतून निघून फोर्टपर्यंत जाणारा डबा तुम्ही लोकलमध्ये पाहिला असेल. डबेवाल्यांचं काम १८९० च्या सुमारास सुरू झालं. डब्याच्या झाकणावर काही अक्षरं आणि आकडे रंगवलेले असतात. मधला मोठा आकडा सांगतो डबा कुठल्या भागात उतरवायचा. एका बाजूला कुठला डबेवाला तो पोचवणार, इमारत कुठली, मजला कितवा. दुसऱ्या बाजूला डबा मुळात कुठल्या उपनगरातून आला.

गंमत म्हणजे ही सगळी एकाच झाकणावरची 'शेअर्ड इन्फर्मेशन सिस्टिम' आहे, पण प्रत्येक जण आपल्यापुरतंच वाचतो. स्टेशनवर डबे लावणारा मधला आकडा बघतो, त्याला मजल्याशी देणंघेणं नाही. पोचवणारा इमारत आणि मजला बघतो. रिकामा डबा परत येताना तेच झाकण उलट बाजूने वाचलं जातं, वेगळी चिठ्ठी लागत नाही. पूर्ण पत्ता त्यावर नसतोच! प्रत्येकाने 'मला सगळी माहिती हवी' असा हट्ट धरला असता तर त्या झाकणावर परातीएवढी जागाही पुरली नसती.

आपण टेबल डिझाइन करताना नेमकं उलट करतो. 'असू दे, पुढे लागेल' म्हणून वडिलांचा व्यवसाय, रक्तगट, जन्मखूण सगळं एकाच फॉर्मवर घेतो आणि सगळ्यांना दाखवतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो, की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती वापरा. डबेवाल्यांना हे कायद्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी जमलं!

आता आपल्याच हॉस्टेलवर लावून बघू

आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलची आउटपास आणि मेस सिस्टिम निवडली. मी मुलुंडची डे-स्कॉलर, पण ग्रुपमधल्या दोघी हॉस्टेलच्या, एक जळगावची आणि एक साताऱ्याची. सध्या गेटवर वही आहे, मेसमध्ये दुसरी वही आहे आणि रेक्टर मॅडमच्या टेबलावर तिसरी. तीन वह्या एकत्र करायच्या, एवढं सोपं काम वाटलं. पण विचारायला गेलो तर अकरावीचीच छोटी आवृत्ती निघाली.

रेक्टर मॅडम म्हणाल्या, "कोण कुठे गेलंय ते मला कधीही कळायला हवं." मुली म्हणाल्या, "आम्ही कुठे जातो हे सगळ्यांना कशाला?" मेसवाले काका म्हणाले, "मला गैरहजर मुलांची यादी द्या, रोज भाजी फुकट जाते." पालक म्हणाले, "बाहेर पडली की आम्हाला एसएमएस यावा." वॉचमन काका म्हणाले, "काहीही करा, पण मला टाइप करायला लावू नका. दहा वाजता वीस जणी एकदम येतात."

मागणी म्हणून बघितलं तर रेक्टर मॅडम आणि मुली समोरासमोर उभ्या. मग पहिला धडा लावला, 'कशासाठी?' रेक्टर मॅडमचं कारण होतं, रात्री आग लागली किंवा कोणी आजारी पडलं तर आत कोण आहे हे त्यांना माहीत हवं. जबाबदारी त्यांची आहे. त्यासाठी 'आत की बाहेर' एवढं पुरतं, 'कुठे आणि कोणाबरोबर' लागत नाही. मुलींना 'आत की बाहेर' सांगायला काहीच हरकत नव्हती. मेसवाल्या काकांना यादी नको होती, आकडा हवा होता. 'आज रात्री ४१ जण कमी' एवढं दुपारी चारला कळलं की त्यांचं काम झालं. नावं कशाला? वॉचमन काकांसाठी आयकार्डचा बारकोड, एक 'टीं' आणि पुढची!

पालकांचं अवघड होतं. जळगावच्या मैत्रिणीचे बाबा रात्री साडेनऊला फोन करून ती खोलीवर आहे का विचारतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं. दुसरीकडे हॉस्टेलमधल्या मुली अठरा वर्षांच्या पुढच्या आहेत. लायब्ररीत जाताना, औषध आणताना प्रत्येक वेळी घरी मेसेज गेला तर घरच्यांची काळजी कमी होण्याऐवजी वाढेल. आम्ही असं सुचवलंय की रात्री मुक्कामाला बाहेर जाणार असेल तरच मेसेज जावा आणि घरी जाणारा प्रत्येक मेसेज मुलीलाही तसाच्या तसा दिसावा. तिच्या पाठीमागे काही जाऊ नये. दोन्हीकडच्या लोकांना हे बऱ्यापैकी मान्य आहे.

एक प्रश्न मात्र आम्ही सोडवला नाही, आणि मुद्दामच. मुलींच्या हॉस्टेलची परतण्याची वेळ मुलांपेक्षा लवकरची आहे. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, "आपण दोघांना एकच वेळ टाकून देऊ, कोणाला कळणारे?" इथे दुसरा धडा आठवला. हे धोरण आहे, कोड नव्हे. आम्ही वेळ एका टेबलमध्ये ठेवली आणि रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलं, की दोन्ही हॉस्टेलच्या वेळा वेगळ्या का असाव्यात हा निर्णय हॉस्टेल कमिटीने घ्यावा, सिस्टिम दोन्ही प्रकारे चालेल. साताऱ्याच्या मैत्रिणीचा संध्याकाळचा क्लास घाटकोपरला आहे आणि लोकल पंधरा मिनिटं लेट झाली की तिचं नाव उशिराच्या वहीत चढतं. तिच्यासाठी हा प्रश्न पाच मार्कांचा नाही. कोडमध्ये लपवून तो एक सेमिस्टर सुटला असता, उघड लिहिल्यामुळे त्यावर निदान चर्चा तरी होईल.

थोडक्यात, व्हायव्हासाठी

१. ज्याचं ज्याचं काही अडकलंय त्या सगळ्यांची यादी करा. जे मीटिंगला येत नाहीत त्यांची नावं आधी लिहा.
२. प्रत्येक मागणीला 'कशासाठी?' विचारा आणि उत्तर मागणीच्या शेजारच्या रकान्यात लिहा. निम्मी भांडणं या रकान्यातच संपतात.
३. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दाखवा. आकडा पुरत असेल तर नावं देऊ नका.
४. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होत असेल तर नियम चुकलाय, माणूस नाही.
५. उरलेलं भांडण धोरणाचं असेल तर ते टेबलमध्ये ठेवा, कोणाचा निर्णय आहे ते लिहा आणि त्याच्याकडे पाठवा.
६. तडजोड केलीच तर तिचा भार कोणावर पडतो ते त्याच पानावर लिहा.

बॅरी बोहेम या नामवंत सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी याच विचारातून 'विन-विन' नावाचं मॉडेल मांडलं होतं. प्रत्येकाला 'आपलं काहीतरी जिंकलं' असं वाटलं नाही तर प्रोजेक्ट शेवटी सगळेच हरतात, असं त्याचं सार आहे. सर व्हायव्हात विचारतील तेव्हा हे नाव टाका, इम्प्रेशन पडतं!

पण पहिल्या मुद्द्याचं दुसरं वाक्य तेवढं विसरू नका. आमच्या मिनी प्रोजेक्टच्या चार मीटिंग झाल्या, त्यांत मेसमध्ये ताटं उचलणारा मुलगा एकदाही नव्हता. त्याला आम्ही नंतर जेवणाच्या वेळी गाठून विचारलं. तो म्हणाला, "ताई, आकडा चारला नको, तीनला द्या. चारला डाळ भिजलेली असते." आमच्या सगळ्या डायग्रॅम्समध्ये ही एक ओळ कुठेच नव्हती. आता आहे.